काँक्रीटची कसोटी



व्याख्यानमालेच्या चालकांनी काँक्रीट या विषयावर बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा हा विषय या व्यासपीठाला कितपत मानवेल, अशी शंका आमच्या मनात आली होती. काव्य, इतिहास आणि तत्त्वज्ञान ऐकण्यास जमलेल्या श्रोत्यांपुढे सिमेंट आणि खडी घेऊन उभे राहणे म्हणजे लग्नाच्या पंगतीत मीठमोहरीचा हिशेब सांगत बसण्यासारखे आहे. परंतु अधिक विचार करता असे वाटले की, मीठमोहरीवाचून पंगत होत नाही, आणि तिचा हिशेब कोणीतरी केव्हातरी सांगितलाच पाहिजे.

आपल्यापैकी बहुतेकजण आयुष्यात घर एकदाच बांधतात किंवा एकदाच विकत घेतात. त्यासाठी भविष्यनिर्वाह निधी, पत्नीचे दागिने, पतपेढीचे कर्ज, असे सारे काही पणाला लावतात. आम्ही आंबे घेताना पेटीतला तळचा आंबा वर काढून पाहतो, लुगडे घेताना पदर उलटून पाहतो. पण ज्या पदार्थाच्या भरवशावर आमची मुलेबाळे रात्री निर्धास्त झोपणार, तो पदार्थ चांगला की वाईट, हे पाहण्याची गरज मात्र आम्हाला वाटत नाही. "ते इंजिनियर पाहील, ते कंत्राटदार पाहील," असे म्हणून आम्ही मोकळे होतो. ४ एप्रिल २०१३ रोजी ठाण्याजवळ मुंब्र्याला बांधकाम चालू असलेली इमारत कोसळून ७४ माणसे मृत्युमुखी पडली. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडला पाच मजल्यांची राहती इमारत कोसळून सोळा जीव गेले. या दुर्घटनांचा दोष कोणाकडे जातो, हे ठरवणे न्यायसंस्थेचे काम आहे. त्यात आम्ही शिरत नाही. पण अशी बातमी वाचल्यावर प्रत्येक घरात एक प्रश्न उभा राहतो: 'आपले छप्पर कसे आहे?' या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची रीत आज थोडक्यात सांगावी, एवढाच आमचा हेतू आहे.

सिमेंट निराळे, काँक्रीट निराळे

प्रथम शब्दांचा घोटाळा दूर करू. 'सिमेंटचे घर', 'सिमेंटचा रस्ता' असे आपण म्हणतो. पण नुसत्या सिमेंटचे घर कोणी बांधत नाही. शेंगदाण्याच्या चिक्कीत शेंगदाणे अधिक आणि गूळ कमी असतो. गुळाचे काम दाणे धरून ठेवण्याचे. काँक्रीटमध्ये खडी आणि वाळू हे दाणे, आणि सिमेंट व पाणी यांचा लगदा हा पाक. आकारमानाने पाहिले, तर चार भागांतले जवळजवळ तीन भाग दगडाचेच असतात. पाक कच्चा राहिला की चिक्की हाताला चिकटते, पुढे गेला की कडवट होते. काँक्रीटचेही सारे गुणदोष मुख्यतः पाकातच दडलेले आहेत. फरक इतकाच की, बिघडलेली चिक्की टाकून देता येते. बिघडलेला स्लॅब डोक्यावर तसाच राहतो.

दगड जोडण्याची ही कल्पना जुनी आहे. रोमन लोकांनी चुन्यात ज्वालामुखीची राख मिसळून असा मसाला तयार केला की, तो पाण्याखालीही घट्ट होत असे. रोममधल्या पँथिऑन या मंदिराचा घुमट इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला. त्याचा व्यास ४३ मीटरांहून अधिक, आत लोखंडाची एक सळई नाही, आणि तो आजही उभा आहे. आपल्याकडेही वाडे आणि किल्ले बांधताना घाणीत मळलेला चुना वापरीत आणि त्यात विटांची पूड म्हणजे सुरखी घालीत. भाजलेली माती आणि चुना यांचा संयोग होऊन टिकाऊ मसाला बनतो, हे शास्त्र त्या कारागिरांनी पुस्तकात वाचले नव्हते. ते त्यांच्या हातात होते.

आजच्या सिमेंटचा जन्म मात्र इंग्लंडमधला. जोसेफ ॲस्पडिन नावाच्या लीड्सच्या एका गवंड्याने १८२४ साली त्याचे पेटंट घेतले. घट्ट झालेला हा मसाला इंग्लंडातल्या पोर्टलंड येथील इमारती दगडासारखा दिसतो म्हणून त्याने त्याला 'पोर्टलंड सिमेंट' हे नाव दिले. हिंदुस्थानात १९१४ साली पोरबंदरच्या कारखान्यातून सिमेंट नियमितपणे बाहेर पडू लागले. चुनखडी आणि चिकणमाती योग्य प्रमाणात दळून भट्टीत सुमारे १४५० अंश सेल्सिअसपर्यंत भाजायची, त्याचे जे खडे तयार होतात त्यांत थोडे जिप्सम घालून पीठ करायचे, की झाले सिमेंट. जिप्सम कशासाठी? ते नसेल तर पाणी पडताच सिमेंट क्षणात आवळून येईल आणि गवंड्याला थापी फिरवायलाही सवड मिळणार नाही.

सिमेंट वाळते, की पिकते?

आता एक फार महत्त्वाची गोष्ट. काँक्रीट 'वाळून' कडक होते, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. ती चुकीची आहे. अंगणातला चिखल वाळून कडक होतो. पाणी घाला, पुन्हा चिखल. काँक्रीट तसे नाही. सिमेंटच्या कणांचा पाण्याशी रासायनिक संयोग होतो, त्यातून अतिसूक्ष्म तंतू आणि स्फटिक वाढू लागतात, ते एकमेकांत गुंततात, खडी-वाळूला आवळतात, आणि त्या गुंत्यामुळे काँक्रीटला बळ येते. म्हणजे पाणी हे काँक्रीटचे अन्न आहे. पाणी निघून गेले तर वाढ खुंटते. म्हणून काँक्रीट वाळत नाही, ते पिकते, असे म्हणणे अधिक बरोबर.

ही पिकण्याची क्रिया पहिल्या काही दिवसांत जोराने आणि पुढे मंद गतीने चालते. साध्या सिमेंटचे काँक्रीट सात दिवसांत आपल्या बळाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग मिळवते. अठ्ठावीस दिवसांचे बळ हे हिशेबाचे बळ म्हणून जगभर धरतात. औष्णिक वीजकेंद्रांतली राख मिसळलेले सिमेंट आज बाजारात पुष्कळ मिळते. ते काही हलके नव्हे. ते सुरुवातीस सावकाश पिकते, पण पुढे त्याचे काँक्रीट अधिक दाट आणि टिकाऊ होते; शिवाय सिमेंट भाजताना जो कार्बन वायू हवेत जातो, तोही त्यामुळे कमी होतो. जगातल्या एकूण कार्बन उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सुमारे सात-आठ टक्के आहे, हे लक्षात घेतले म्हणजे ही बचत किरकोळ वाटणार नाही. मात्र असे सिमेंट वापरल्यास पाणी अधिक दिवस मारले पाहिजे आणि सेंट्रिंग काढण्याची घाई करता कामा नये.

चार जिन्नस

आता जिन्नस पाहू. सिमेंटचे पोते ५० किलोंचे. ते ताजे असावे. दमट हवेत ठेवलेले सिमेंट हवेतलेच पाणी पिऊन निकामी होऊ लागते. हात आत घातला तर थंडगार लागावे, चिमटीत चोळले तर गुळगुळीत लागावे, आणि गाठी नसाव्यात. पोत्यावर उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष छापलेले असते. तीन महिन्यांहून जुने सिमेंट पुन्हा तपासल्याखेरीज वापरू नये. पोती जमिनीला आणि भिंतीला न टेकवता फळ्यांवर रचावीत.

खडीच्या बाबतीत महाराष्ट्र भाग्यवान आहे. आपला काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट हा खडीसाठी उत्तम दगड. घरबांधणीत साधारणपणे २० मिलिमीटरपर्यंतची खडी वापरतात, कारण त्याहून मोठी खडी सळयांच्या जाळीत अडकते. खडी शक्य तितकी घनाकार हवी. चपटी आणि लांबट खडी नीट बसत नाही, तिच्याखाली पोकळी राहते. तिच्यावर मातीचा लेप असेल, तर पाक दगडाला चिकटत नाही, मातीला चिकटतो.

नद्यांतली वाळू बेसुमार उपसल्यामुळे नद्यांचे हाल झाले, आणि आता खडी दळून केलेल्या वाळूचा वापर वाढला आहे. दोन्ही वाळू चालतात. माती आणि धूळ दोन्हींत चालत नाही. नदीच्या वाळूची एक घरगुती परीक्षा अशी: काचेच्या उभ्या बरणीत अर्ध्यापर्यंत वाळू घ्या, वर पाणी आणि चिमूटभर मीठ घाला, जोराने हलवा आणि दोन-तीन तास स्वस्थ ठेवा. वाळू खाली बसेल आणि तिच्यावर गाळाचा थर जमेल. हा थर वाळूच्या उंचीच्या बाराव्या-पंधराव्या हिश्श्याहून जाड दिसला, तर ती वाळू धुतल्याशिवाय घेऊ नका. या परीक्षेला दमडीचा खर्च नाही. शाळेतला मुलगाही ती करू शकेल.

वाळूची आणखी एक खोड आहे. ती थोडी ओली असली की फुगते. शंभरात चार-सहा भाग ओल असली, तर तिचे आकारमान पाव हिश्श्याने वाढते. घमेल्याने मोजणारा गवंडी फसतो तो येथे. त्याला वाटते आपण तीन घमेली वाळू घातली. खरी वाळू तितकी नसतेच. शिवाय त्या वाळूबरोबर न मोजलेले पाणीही मिश्रणात जाते. एका पोत्याला लागणारी वाळू ८० किलो धरली आणि तिच्यात शेकडा पाच ओल असली, तर चार लिटर पाणी कोणाच्याही नजरेस न पडता आत गेले. म्हणून महत्त्वाच्या कामावर जिन्नस घमेल्याने न मोजता वजनाने मोजावेत.

पाण्याचे गणित

चौथा जिन्नस पाणी. पिण्यास योग्य ते पाणी काँक्रीटला योग्य, ही ढोबळ खूण पुरेशी आहे. खारे पाणी सळयांच्या कामात मुळीच नको. पण पाणी कसे हवे, यापेक्षा ते किती हवे, हा प्रश्न शतपट मोठा आहे.

अमेरिकेत शिकागो येथे डफ अब्रॅम्स या शास्त्रज्ञाने हजारो नमुने फोडून १९१८ साली एक नियम प्रसिद्ध केला. तो असा की, जिन्नस चांगले आणि मिश्रण घडवता येण्याजोगे असेल, तर काँक्रीटचे बळ हे मुख्यतः सिमेंटच्या मानाने पाणी किती, यावर ठरते. पाणी वाढले की बळ घटते. कारण सोपे आहे. सिमेंटशी संयोग होण्यास त्याच्या वजनाच्या सुमारे पाव हिश्श्याइतके पाणी लागते. तयार होणाऱ्या तंतूंत जे पाणी अडकून बसते ते धरले, तरी शेकडा ३८च्या आसपास भागते. त्यापुढचे पाणी घालावे लागते ते केवळ मिश्रण घडवता यावे म्हणून. हे जादा पाणी कालांतराने उडून जाते आणि मागे सूक्ष्म नळ्या आणि छिद्रे ठेवून जाते. छिद्रे वाढली की बळ कमी, आणि त्याच वाटांनी पुढे पावसाचे पाणी, हवा आणि क्षार आत शिरतात.

हिशेब करून पाहू. पोते ५० किलोंचे. पाणी निम्मे धरले तर २५ लिटर. हे प्रमाण झाले अर्धे, म्हणजे ०.५०. आता स्लॅबच्या दिवशी काय होते? दुपारचे ऊन चढलेले असते, मजूर थकलेले असतात, माल फावड्याला जड लागतो. कोणीतरी मुकादमाकडे पाहतो, मुकादम मान हलवतो, आणि मिक्सरमध्ये आणखी एक बादली रिकामी होते. समजा दहा लिटर पाणी जादा गेले. प्रमाण झाले ०.७०. माल कसा लोण्यासारखा सरकू लागतो! मजूर खूष, गवंडी खूष, आणि गच्चीवर चहा पाठवणारे घरमालकही खूष. पण त्या एका बादलीने काँक्रीटचे बळ तिसऱ्या हिश्श्याने तरी घटवले. सिमेंट पुरेपूर घातले, त्याचे पैसे मोजले, चोरी कोणी केली नाही. आणि तरीही तिसरा हिस्सा गेला. सिमेंटची चोरी पकडायला आम्ही रात्री पहारा ठेवतो, पण ही लूट भर दुपारी आमच्यासमोर चालते आणि तिच्याकडे आमचे लक्ष जात नाही.

येथे कोणी म्हणेल, "माल कोरडा ठेवला तर तो सळयांच्या जाळीत उतरणार कसा?" शंका रास्त आहे. पाणी अगदी कमी करूनही चालत नाही. कोरडा माल नीट बसत नाही, आत हवा राहते, सेंट्रिंग काढल्यावर मधमाशांच्या पोळ्यासारखी भोके दिसतात, आणि शंभरात पाच भाग पोकळी राहिली तर बळ सुमारे तीस टक्के घटते. उपाय दोन आहेत. पहिला, काँक्रीट ठासण्यासाठी व्हायब्रेटर वापरणे. सळईने गोदून भागवू नये. दुसरा, माल सैल करणारी रासायनिक मिश्रके वापरणे. ती अल्प प्रमाणात घातली की पाणी न वाढवता माल सरकू लागतो. तयार काँक्रीट घेऊन येणाऱ्या गाड्यांत ती घातलेलीच असतात. त्या गाडीच्या चालकाने मात्र दारात आल्यावर नळी लावून पाणी घातले, तर कारखान्यातले सारे वजन-माप वाया गेले म्हणून समजावे.

दाब सोसते, ताण सोसत नाही

काँक्रीट दाबाला खंबीर, पण ओढीला दुबळे. दाबाचे जे बळ, त्याच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतकेच त्याचे ताणाचे बळ. आपल्या कोयना धरणाने याची साक्ष दिली आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपात, १०३ मीटर उंचीच्या त्या धरणाच्या काही उंच खंडांत, जेथे मागच्या बाजूचा उतार एकाएकी बदलतो तेथे, आडव्या भेगा पडल्या. धरण उभे राहिले, पण ताण कोठे आला आणि काँक्रीट कोठे हरले, हे त्या भेगांनी दाखवून दिले. पुढे ते खंड पाठीमागून आधार देऊन मजबूत करण्यात आले.

घराच्या स्लॅबमध्ये खालच्या अंगाला ताण येतो, म्हणून तेथे पोलादाच्या सळया घालतात. या जोडीत निसर्गाची मोठी कृपा आहे. उन्हाने दोघेही जवळजवळ सारखेच प्रसरण पावतात, म्हणून एकमेकांना सोडत नाहीत. आणि काँक्रीट अल्कधर्मी असल्यामुळे त्याच्या पोटात लोखंड सहसा गंजत नाही. पण कोठवर? सळईवर काँक्रीटचे पुरेसे पांघरूण असेल तोवर. स्लॅबमध्ये हे पांघरूण निदान २० मिलिमीटर आणि खांबात ४० मिलिमीटर हवे. सळया थेट फळीवर टेकल्या किंवा मजुरांच्या पायांखाली दबल्या, तर पांघरूणच राहत नाही. काँक्रीट सच्छिद्र असेल, तर हवेतला कार्बन वायू आणि किनाऱ्यावरचा क्षार आत पोचतो, सळई गंजते, गंजून फुगते, आणि फुगलेली सळई काँक्रीटचे पापुद्रे उडवते. जुलै १९८६ मध्ये पणजीला मांडवी नदीवरचा पूल कोसळला. तो बांधून अजून वीस वर्षेही झाली नव्हती. खाऱ्या हवेत त्याच्या पोटातले पोलाद गंजले होते. कोकणात आणि गोव्यात घर बांधणाऱ्यांनी हे उदाहरण विसरू नये.

शितावरून भात

आता कसोटीकडे वळू. पहिली कसोटी ताज्या मालाची. पत्र्याचे एक शंकूच्या आकाराचे, दोन्ही तोंडे उघडी असलेले भांडे असते. उंची ३० सेंटिमीटर, खालचे तोंड २० आणि वरचे १० सेंटिमीटर. त्यात थराथराने माल भरायचा, प्रत्येक थर सळईने २५ वेळा गोदायचा, आणि भांडे सरळ वर उचलायचे. आधार जाताच माल खाली बसतो. किती बसला, ते पट्टीने मोजायचे. यालाच 'स्लंप' म्हणतात. घराच्या कामात तो ५० ते १०० मिलिमीटर असला म्हणजे सहसा ठीक. मिश्रकाशिवायचा माल भांडे उचलताच शेणाच्या पोसारखा पसरला, तर पाणी जास्त झाले, हे समजायला पदवी लागत नाही. ही परीक्षा पाच मिनिटांची आहे आणि तिचे मोल यात आहे की, माल ओतण्यापूर्वीच ती उत्तर देते.

दुसरी कसोटी घट्ट झालेल्या काँक्रीटची. १५ सेंटिमीटर बाजूच्या लोखंडी साच्यांत ओतल्या जाणाऱ्या मालातूनच ठोकळे भरायचे, दुसऱ्या दिवशी साच्यातून काढून पाण्यात ठेवायचे, आणि सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी दाबयंत्रात फोडायचे. नकाशावर 'एम-२०' असे लिहिलेले आपण पाहिले असेल. त्यातला वीसचा आकडा म्हणजे अठ्ठाविसाव्या दिवशी दर चौरस मिलिमीटरला २० न्यूटन दाब. ठोकळ्याच्या एका बाजूचे क्षेत्रफळ २२,५०० चौरस मिलिमीटर. तेव्हा त्या एवढ्याशा ठोकळ्याने सुमारे ४६ टन भार सोसला पाहिजे! सळयांच्या काँक्रीटसाठी भारतीय मानकाप्रमाणे हा निदान दर्जा आहे. आणि समुद्रकाठी तो यापेक्षा चढा हवा.

पण येथे एक बारकावा आहे. एकाच हाताने केलेल्या भाकरीसुद्धा सगळ्या सारख्या वजनाच्या नसतात. तसे ठोकळेही सारखे निघत नाहीत. म्हणून मानक असे सांगते की, शंभर निकालांपैकी पाचांहून अधिक निकाल विसाच्या खाली जाऊ नयेत. हे साधायचे, तर सरासरी साडेसव्वीसच्या आसपास धरून चालावे लागते. म्हणजे कामावरचा सर्वसाधारण ठोकळा ४६ टनांना नव्हे, ६० टनांच्या सुमारास फुटला पाहिजे. सगळेच ठोकळे अगदी काठावर उत्तीर्ण होत असतील, तर आनंद मानण्याचे कारण नाही.

शितावरून भाताची परीक्षा, असे आपण म्हणतो. पण ती केव्हा खरी? शीत त्याच भांड्यातले असेल तेव्हा. काँक्रीटमध्ये मिक्सरची प्रत्येक फेरी हे निराळे भांडे आहे. म्हणून पाच घनमीटरपर्यंत एक, पंधरापर्यंत दोन, तीसपर्यंत तीन असे नमुने घ्यावेत आणि प्रत्येक नमुन्याचे निदान तीन ठोकळे करावेत, असा नियम आहे. कामावर आम्ही असेही पाहिले आहे की, ठोकळ्यांसाठी कोपऱ्यात निराळा माल कालवला जातो, त्यात मूठभर सिमेंट अधिक पडते, आणि ते ठोकळे प्रयोगशाळेत मोठ्या दिमाखाने उत्तीर्ण होतात. पाहुण्यांसाठी बासमती आणि घरच्यांसाठी कणी! कागद उत्तम होतो, स्लॅब जसा आहे तसाच राहतो. याला उपाय एकच. ठोकळे भरताना घरमालकाने स्वतः तेथे उभे राहावे, माल कोठून घेतला ते पाहावे, आणि ओल्या ठोकळ्यावर तारीख घालून सही करावी.

आणि बांधून झालेल्या घराचे काय? त्यासाठीही साधने आहेत. स्प्रिंगचा हातोडा पृष्ठभागावर दाबून तो किती उसळतो हे पाहतात. पण त्याने वरच्या कातडीचाच अंदाज येतो. ध्वनीच्या सूक्ष्म लहरी आरपार पाठवून त्यांचा वेग मोजतात. तो सेकंदाला साडेचार किलोमीटरच्या घरात असला तर काँक्रीट दाट, आणि तीनच्या खाली गेला तर शंकास्पद. अगदी निकड पडली, तर यंत्राने गोल गाभा कापून काढून तो फोडतात. ही परीक्षा खात्रीची, पण खर्चाची. जुन्या सोसायट्यांनी छताचे पापुद्रे पडू लागल्यावर नुसता गिलावा करून ते झाकण्यापेक्षा अशा परीक्षा करून घ्याव्यात, हे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. गंज गिलाव्याने थांबत नाही.

पाणी मारण्याचे दिवस

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट शेवटी सांगतो. काँक्रीट ओतल्यावर ते ओले ठेवले पाहिजे. साध्या सिमेंटला निदान सात दिवस, आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात दहा. राख मिसळलेले सिमेंट असेल तर दहा, आणि उन्हाळ्यात चौदा. ओले म्हणजे अखंड ओले. सकाळ-संध्याकाळ शिंपडून मधल्या उन्हात तापू देणे नव्हे. स्लॅबवर मसाल्याची आळी करून पाणी तुंबवावे. खांबांना गोणपाट गुंडाळून ते भिजते ठेवावे. खांब उभे असतात म्हणून त्यांच्यावर पाणी ठरत नाही, आणि सारे घर तर त्यांच्यावरच उभे असते!

येथे आमच्या मराठवाड्यातल्या किंवा माणदेशातल्या बंधूंनी विचारावे, "प्यायला टँकर येतो, स्लॅबला पाणी कोठून आणू?" हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. आमचे उत्तर असे की, अशा ठिकाणी स्लॅब एप्रिल-मे महिन्यांत धरूच नये, पावसाळ्यानंतर धरावा. अडलेच तर ओल्या गोणपाटावर प्लॅस्टिकचा कागद अंथरावा, म्हणजे तेच पाणी उडून न जाता पुष्कळ दिवस पुरते. काम पहाटे सुरू करून ऊन चढण्यापूर्वी आटोपावे. पण पाणी नाही म्हणून काँक्रीट तसेच तापू देणे, म्हणजे तान्ह्या मुलाला दूध नाही म्हणून उपाशी ठेवून पुढे ते पहिलवान होईल अशी आशा करणे होय. सेंट्रिंगचे टेकूही असेच. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू सात दिवस, त्याहून मोठ्या स्लॅबचे चौदा दिवस. सहा मीटरपर्यंतच्या तुळईचे चौदा आणि त्याहून लांब तुळईचे एकवीस दिवस काढू नयेत. राखेच्या सिमेंटला याहून अधिक. भाड्याच्या फळ्यांचे चार दिवसांचे पैसे वाचवण्यासाठी घाई करणे परवडणारे नाही.

सभ्य गृहस्थहो, येथे जमलेल्या सर्वांनी इंजिनियर व्हावे, अशी आमची अपेक्षा नाही. आराखडा तज्ज्ञाकडूनच करून घ्यावा. खांब किती जाड आणि सळया किती, हे त्यानेच सांगावे. पण पाण्याची बादली कोणाच्या हुकमाने ओतली जाते, ठोकळे कोणत्या मालातून भरले जातात, सळयांखाली पांघरुणाचे ठोकळे ठेवले आहेत की नाहीत, आणि दहा दिवस आळ्यांत पाणी आहे की नाही, हे चार प्रश्न विचारायला तज्ज्ञ लागत नाही. स्लॅबच्या दिवशी आपण नारळ फोडतो, मजुरांना पेढे वाटतो. ती आपली चांगली रीत आहे, ती चालू राहावी. तिच्याबरोबर पाणी मोजण्याचे एक माप आणि ते शंकूचे भांडे एवढे मिक्सरजवळ ठेवण्याचीही रीत पडावी. गवंडी आणि मजूर यांना दोष देऊन भागणार नाही. त्यांना 'का' हे कोणी समजावून सांगितलेले नसते. सांगितले, तर ते आपल्यापेक्षा अधिक काटेकोरपणे पाळतात, असा आमचा अनुभव आहे.

काँक्रीट हा मोठा आज्ञाधारक पदार्थ आहे. ज्या साच्यात ओतावा त्याचा आकार घेतो, आणि जसा सांभाळावा तसा निपजतो. पण एकदा घट्ट झाला की तो पुन्हा कोणाचे ऐकत नाही. त्याला जे सांगायचे, जे द्यायचे, ते पहिल्या काही तासांत आणि पहिल्या काही दिवसांत. त्या दिवसांत आपण जागे राहिलो, तर पुढची पन्नास-साठ वर्षे आपल्या घरातल्यांना निर्धास्त झोपता येईल.